मेंदूतला रफू

ज्यांच्या घरात डोक्याला मार लागून बरं झालेलं माणूस आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ‘बरं झालेलं’ हे शब्द मी विचार करून लिहिले. आमच्या घरी ते आधी डॉक्टरांनी वापरले, मग आम्ही, मग सगळ्या गल्लीनं. पुढं जे झालं ते याच शब्दांच्या आडून झालं.

मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवते. माझे पती गेल्या वर्षी गेले. घरात मी त्यांचं नाव कधी घेतलं नाही, कागदावर घेते. अंबादास. शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहत होतो: ते, मी आणि माझ्या सासूबाई. आता दोघी आहोत.

धोटा

अंबादास एका कापड गिरणीत मागावर होते. आडवा धागा पोटात घेऊन मागावर इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा म्हणजे धोटा. त्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी अणी असते. तो कधी कधी वाट सोडून उडतो. उडाला तर अडावा म्हणून मागाला एक दांडी बसवलेली असते. पण ती दांडी असली की तुटलेला धागा सांधायला हात नीट आत जात नाही, काम मागं पडतं. म्हणून पुष्कळ मागांवरून ती काढून भिंतीला टेकवून ठेवलेली असे. मुकादमाला ते दिसत होतं. त्याच्या वरच्यांनाही दिसत असणार. सगळ्यांना दिसत असलेल्या गोष्टीबद्दल कुणी बोलत नाही, एवढं मी आता शिकले आहे.

शेजारच्या मागावरून धोटा उडाला आणि अंबादासांना डाव्या कानाच्या वर बसला.

मी वर्गात होते. शाळेच्या फाटकाशी इस्माईलभाई उभे असलेले दिसले. हे अंबादासांच्याच पाळीतले, बरीच वर्षं बरोबर काम केलेले. त्यांच्या सदऱ्याला रक्त लागलं होतं.

“भाभी, घाबरायचं न्हाय. शुद्धीवर हाय उनो, अंबादास. डोक्याला जरा लागलंय.”

“जरा म्हणजे?”

“चला की तुमी. रस्त्यात सांगतो.”

टांग्यात ते माझ्याकडे पाठ करून बसले होते.

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. कवटीचं हाड आत दबलं होतं. डॉक्टरांनी त्याचे तुकडे काढले, टाके घातले, आणि वाट बघा म्हणून सांगितलं.

खाटेखालचे दिवस

दवाखान्यात रोग्यापेक्षा नातेवाइकांनाच जास्त शिकावं लागतं. झाडूवाला यायच्या आत खाटेखालची आपली वळकटी उचलायची. कपाळावरची घडी बदलायला पाणी हवं असेल तर नळाला पाणी आहे तोवर भरून ठेवायचं. मोठे डॉक्टर फेरीला आले की सगळ्या नातेवाइकांना बाहेर काढतात. म्हणजे ज्यांचं बोलणं ऐकायला आपण दिवसभर थांबलेलो असतो, ते बोलत असताना आपण व्हरांड्यात असतो. मग कंपाउंडरला विचारायचं. तो म्हणतो, “ठीक आहे.” ते ‘ठीक आहे’ तो सगळ्यांना सांगत असतो. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा गेला त्या सकाळीही त्याच्या मुलाला त्यानं तेच सांगितलं होतं.

दया म्हणावी अशी एक गोष्ट आठवते. दक्षिणेकडच्या एक सिस्टर होत्या. मराठी त्यांना मोडकंतोडकंच येई. एका दुपारी त्यांनी माझ्या हातातून पंखा काढून घेतला, कोपऱ्यातलं बाक दाखवलं आणि म्हणाल्या, “तुमी झोपा. मी बघते.” मी झोपले. जाग आली तेव्हा त्या खरोखरच वारा घालत उभ्या होत्या. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं.

पंधरवड्याच्या आत अंबादास उठून बसले. उजव्या हाताला जडपणा होता, तोही हळूहळू गेला. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, “नशीबवान आहात. जखम छान भरली.” सासूबाईंनी सिद्धेश्वराला नारळ फोडला आणि गल्लीत पेढे वाटले. काही आठवड्यांनी अंबादास पुन्हा मागावर उभे राहिले. दांडी अजून भिंतीलाच टेकलेली आहे, असं त्यांनी मला हसत सांगितलं. मी हसले नाही.

भाकरीचा तुकडा

सहा-सात महिने गेले. रविवारची दुपार होती. आम्ही जेवत होतो. अंबादासांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तो हातातच राहिला. उजव्या हाताची बोटं नाचू लागली. त्यांनी स्वतःच त्या बोटांकडे नवलानं पाहिलं, जणू ती दुसऱ्या कुणाची होती. मग मान वळली, डोळे फिरले आणि ते ताटावर कोसळले.

“आगं माज्या लेकराला फेफरं आलं!” सासूबाई ओरडल्या. शेजारी धावले. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी चप्पल. एकानं दातांत चमचा घातला, त्यानं दाताचा टवका उडाला आणि हिरडी फाटली. मी त्यांचं डोकं मांडीवर धरून बसले होते, याखेरीज मला काही सुचलं नाही.

हे वाचणाऱ्यांना सांगते. दातांत काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही सरकवा आणि गर्दी बाहेर काढा. हे मला पुढं एका डॉक्टरांनी सांगितलं. त्या दिवशी आमच्या खोलीत वीसेक माणसं होती आणि प्रत्येकाला काही तरी करायचं होतं.

त्यानंतर आमच्याकडे चहा पिणारी माणसं कमी झाली. अंबादासांच्या चुलत भावानं कपाला हात लावला आणि म्हणाला, “आत्ताच पिऊन आलोय वैनी.” तो वैरागहून एसटीनं थेट आमच्याकडे आला होता.

चांदण्या

पुन्हा दवाखाना. या वेळी दुसरे डॉक्टर होते, तरुण, नुकतेच शिकून आलेले. चांगले होते. त्यांना समजावून सांगायची आवड होती आणि मला समजून घ्यायची. त्या दिवशी मला वाटलं, शेवटी कुणी तरी भेटलं.

“जखम तर भरली होती ना, डॉक्टर?” मी विचारलं.

“भरली म्हणूनच हे होतंय.”

एक्स-रेच्या पाकिटाच्या मागं त्यांनी चित्र काढलं. मेंदूत काही पेशी विचार करतात, हात हलवतात, बोलतात. त्यांच्याभोवती पुष्कळ दुसऱ्या पेशी असतात, नुसत्या आधाराच्या. त्या पहिल्यांना खाऊपिऊ घालतात, जागच्या जागी धरून ठेवतात, कचरा उचलतात. मेंदूला मार बसला की या आधाराच्या पेशी जाग्या होतात. काही जणी मेलेला भाग खाऊन साफ करतात. काही फुगतात, आपले फाटे लांब करतात, एकमेकींत गुंततात आणि जखमेभोवती दाट जाळी धरतात. ते बोलत होते आणि पाकिटावर एकेक पेशी काढत होते.

“चांदन्या काडल्या की हो तुमी,” अंबादास म्हणाले.

“दिसतात तशाच.”

“म्हंजी आत रफू केलंय म्हना.”

डॉक्टर मोठ्यानं हसले. “अगदी बरोबर! रफू.”

“पन सायेब, रफूचं कापड सेकंडात जातंय, कमी भावात. फर्स्टात कुनी घेत न्हाय.”

आम्ही सगळेच हसलो, सासूबाईसुद्धा. मग डॉक्टर गंभीर झाले. ती जाळी झाली नसती तर नुकसान पसरलं असतं, कदाचित अंबादास आज इथं बसलेही नसते. पण एकदा धरलेली जाळी निघत नाही. तिच्या कडेला असलेल्या चांगल्या पेशी चिडक्या होतात आणि मधूनच सगळ्या एकदम ओरडतात. ती फिट.

“उसवता येत न्हाय का?”

“उसवायला गेलो तर पुन्हा जखम होणार, आणि पुन्हा रफू.”

मग त्यांनी गोळी लिहून दिली आणि आम्हा तिघांकडे आळीपाळीनं बघत सांगितलं, “रोज रात्री झोपताना एक. गुंगी येते, म्हणून रात्री. वर्षानुवर्षं घ्यावी लागेल. एकही चुकवायची नाही. मध्येच बंद झाली तर फिटा आधीपेक्षा जोरानं येतात, जिवावर बेतू शकतं. कळलं ना, आजी?”

“कळलं की. रातच्याला निजताना.”

“शाबास.”

चित्राला त्यांनी चांगला वेळ दिला होता. अंबादासांच्या कागदावर ‘धंदा : गिरणी कामगार’ असं डॉक्टरांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

पाळ्या

गोळीची जबाबदारी सासूबाईंनी घेतली. डबी त्यांच्या लुगड्यांच्या ट्रंकेत असे, कुलपात. मी एकदा म्हटलं, “आत्या, डबी बाहेर असू द्या की, मीही देत जाईन.”

“मास्तरीनबाई, तुमी तुमची शाळा बगा. माज्या लेकराचं मी बगती.”

टोमणा होता, पण त्यात माया होती. डॉक्टरांनी शाबास म्हटल्यापासून त्यांना त्या डबीचा अभिमान वाटत होता. दिवस मावळून जेवणं झाली की त्या पदराला हात पुसून ट्रंक उघडत, गोळी तळहातावर ठेवून अंबादासांसमोर धरत आणि ते गिळेपर्यंत हलत नसत.

गिरणीत आठवड्याला पाळी बदले. पहिल्या आणि दुसऱ्या पाळीत ते रात्री घरी झोपत. तिसऱ्या पाळीत ते रात्रीच कामावर जात, सकाळी परतत आणि दिवसा झोपत. त्या आठवड्यात आमची गाठ जेमतेम पडे. माझी शाळा सकाळची होती, ते यायच्या आत मी बाहेर पडलेली असे. मी परत येई तेव्हा ते झोपलेले असत. उठले की मी विचारी, “गोळीचं चाललंय ना नीट?”

“आई बगती,” ते म्हणत. आई बघतच होत्या.

फिटा कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. आणि नेहमी रात्रपाळीचा आठवडा संपता संपता येत. हे माझ्या लक्षात आलं. मी डॉक्टरांना सांगितलं.

“जागरण,” ते म्हणाले. “जागरणानं फिट येतेच. दिवसपाळी मागून घ्या.”

दिवसपाळी मागायची तर कारण सांगायला हवं होतं. कारण सांगितलं असतं तर मागावरून काढलं असतं. अंबादास तयार होईनात. “झाडू हातात देतील माज्या. मी विनकर हाय,” एवढंच म्हणाले. तेव्हा इस्माईलभाईंनी तोड काढली; त्यांना आता पाळीच्या वेगळ्या गटात घातलं होतं. अंबादासांच्या रात्रपाळ्या त्यांनी करायच्या आणि त्यांच्या दिवसाच्या अंबादासांनी. दोन-अडीच महिने असं चाललं. त्या काळात एकही फिट आली नाही. एकही नाही. आम्ही इस्माईलभाईंच्या घरी शेंगाच्या पोळ्या पाठवल्या. डॉक्टर म्हणाले, “बघा, जागरणच होतं.” मलाही ते पटलं. पटण्यासारखंच होतं.

मग मुकादमानं ते पकडलं. इस्माईलभाईंनी मला पुढं त्याचे शब्द सांगितले: “ही गिरनी हाय का धर्मशाळा? ज्याची पाळी त्यानं करायची.” अंबादास पुन्हा रात्रपाळीला गेले.

त्या आठवड्याच्या शेवटच्या सकाळी शाळेत निरोप आला.

या वेळी फिट थांबत नव्हती. एक संपायच्या आत दुसरी सुरू होई, मध्ये शुद्ध नाही. गिरणीतून येऊन ते हातपाय धुवायला बसले होते, तिथंच पडले. गल्लीतल्या लोकांनी त्यांना दवाखान्यात नेलं होतं. तेच डॉक्टर होते. सुया टोचून झाल्यावर ते आमच्याकडे वळले.

“गोळी बंद केली होती का?”

“न्हाय वो! माज्या हातानं देती की मी,” सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मीही मान हलवली. त्यांचा विश्वास बसला नाही. कागदावर त्यांनी लिहिलं ते मी उलट्या बाजूनं वाचलं. शिक्षकांना ती सवय असते. ‘औषध नियमित घेतले नाही.’

दुसऱ्या दिवशी दुपारी अंबादास गेले.

माझ्या मनात शोकाच्याही आधी संताप होता, त्या एका ओळीचा. असा माणूस, ज्यानं आईच्या तळहातावरची प्रत्येक गोळी गिळली, तो कागदोपत्री बेपर्वा ठरला होता.

ट्रंक

दहाव्यापर्यंत बायका भेटायला येत होत्या. मी आतल्या खोलीत होते, त्या बाहेर सासूबाईंभोवती बसलेल्या. कुणी तरी विचारलं, औषधात काही कमी-जास्त झालं का.

“काय बी न्हाय,” सासूबाई म्हणाल्या. “डाक्टर म्हनला रातच्याला निजताना, तर रातच्यालाच दिली. येळ चुकू दिली न्हाय. रातपाळी आसली की ट्रंकंची किल्ली कनवटीला लावून फिरायची मी. दिवसा निजतंय पोरगं, त्येला वाटंल आता निजतोय तर खावी. दिवसा कशी द्याची? एकदा लागला मागाया. म्हनलं, बाबा, डाक्टरानं रातची सांगितलीया. रातच्याला तू निजत न्हाईस, तर घ्याची न्हाय.”

बायका ‘खरं हाय, खरं हाय’ म्हणाल्या.

मी भिंतीला टेकले. फिटा जागरणाच्या आठवड्यात येत होत्या. तोच बिनगोळीचा आठवडा होता. इस्माईलभाईंनी पाळी बदलून घेतली तेव्हा अंबादास रोज रात्री घरी झोपत होते, म्हणून रोज गोळी मिळत होती. आम्ही मात्र झोपेचे आभार मानत होतो. बाहेर त्या अजून बोलत होत्या आणि त्या घरात हे समजलेली मी एकटी होते.

एक ओळ

मी डॉक्टरांकडे गेले. कागदावरची ती ओळ बदलून घ्यायची होती. काय झालं ते मी सांगितलं.

“मी स्पष्ट सांगितलं होतं,” ते म्हणाले. “रात्री झोपताना.”

“हो. तसंच केलं त्यांनी.”

“अहो, पण एवढं तर कुणालाही...” ते थांबले. “शिवाय जागरणही असू शकतं. नक्की कुणी सांगू शकणार नाही.”

“मग नियमित घेतली नाही, हे नक्की कसं लिहिलंत?”

त्यांनी कागद मागवला नाही. ओळ तशीच आहे. मी उठले, तेव्हा त्यांनी पुढच्या रोग्याला आत बोलावलं. दारात उभी राहून मी ऐकलं. रोगी दुसरा होता, दुखणंही दुसरं. “रोज रात्री झोपताना एक,” ते म्हणाले. काय काम करता, कुठल्या वेळी झोपता, हे त्यांनी विचारलं नाही. या गावात निम्मी घरं पाळीवर जगतात. गिरणीचा भोंगा त्या खिडकीतूनही ऐकू येतो.

नंतर मी ग्रंथालयात बसून शरीरशास्त्राची पुस्तकं वाचली, शब्दकोश शेजारी ठेवून. डॉक्टरांनी काढलेल्या चांदण्या खऱ्या होत्या. जखम झाली की आधाराच्या पेशी धावतात, खड्डा भरतात, कुंपण घालतात, आणि वाचवलेल्या जागेलाच त्याचा काच होतो. एका मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “घरच्या माणसांचंही असंच असतं बघ.” मला ही उपमा नको आहे. त्या पेशींना दुसरं काही करता येत नाही. एक प्रश्न विचारणं माणसाला येतं.

म्हणून वाचणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. गोळी रात्रीला बांधलेली नसते. दिवसा झोपत असाल तर दिवसा झोपताना घ्या, पण चोवीस तासांत एक पोटात गेलीच पाहिजे. डॉक्टरांनी विचारलं नाही तर आपण होऊन सांगा: मी रात्रपाळीला जातो. ते घाईत असतील, तरी सांगा. मग कागदावर काय लिहितात ते वाचून घ्या.

सासूबाईंना मी यातलं काही सांगितलेलं नाही. सांगावं असं कितीदा मनात येतं. एखाद्या दिवशी त्या ‘तुजं ध्यान शाळंत’ असं म्हणतात तेव्हा तर जिभेवर येतं. त्यांचा तो एकुलता एक मुलगा होता. डॉक्टर सुटले, मुकादम सुटला, आणि हे सगळं त्या एका बाईच्या पदरात टाकायचं, तेही मी? पण गप्प बसते ते मायेनं बसते, असंही मी लिहिणार नाही. पुष्कळदा मला त्यांच्याकडे बघवत नाही.

इथं लिहू शकले, कारण त्यांना वाचता येत नाही.

आत्ता त्या उंबऱ्याशी शेंगा फोडत बसल्या आहेत.

“काय लिवतीस गं एवडं?”

“गोळ्यांबद्दल लिहिते आहे, आत्या. कुणाला तरी उपयोगी पडेल.”

“लिव की. माजं बी नाव घाल त्येच्यात.” त्यांनी हातातली टरफलं झटकली. “म्हनावं, आईनं डाक्टरचा शबूद मोडला न्हाय.”

“लिहिलं,” मी म्हटलं.